गाडीचं तोंड

डहाणूकर कॉलनीतून कर्वे पुतळ्याकडे निघालं की उजव्या हाताला एक इस्त्रीवाला लागतो आणि त्याला लागून उत्तरेश्वरचं गॅरेज. लातूरकडून पुण्यात येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती. गिऱ्हाईक टिकून होतं ते एकाच कारणासाठी. दुखणं सापडल्याशिवाय हा माणूस गाडीचा एकही भाग बदलत नसे. गाडी चार दिवस राहिली तरी चालेल, पण 'हे बदलून बघू, ते बदलून बघू' असलं काम त्याच्याकडे नव्हतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी श्रीधर सर त्याच्या दारात टेम्पो घेऊन उभे राहिले. सर कोथरूडमध्ये गणिताचे क्लास घेत. त्यांची मोटरसायकल अकरा वर्षं उत्तरेश्वरच्याच हाताखाली होती. टेम्पोतून ती उतरवली तेव्हा पुढच्या मडगार्डला पोचा आलेला दिसला, बाकी ओरखडा नव्हता.

सरांनी घडलेलं सांगितलं ते एखादं प्रमेय मांडावं तसं. शनिवारी पेरूगेटजवळच्या चौकात पुढे बस अडली म्हणून ते थांबले होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला, एक पाय जमिनीवर. समोरून एक बाई रस्ता ओलांडत होत्या. आणि दाबलेल्या क्लचवर गाडी पुढे निघाली. सरांनी ब्रेक दाबला, पण तोवर बाई पडल्या होत्या. मैनाबाई त्यांचं नाव. सदाशिव पेठेतल्या चार घरी पोळ्या करायच्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पोलिसांत नोंद झाली होती आणि मेकॅनिकचं लेखी मत हवं होतं.

"आठ दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग तुम्ही केलंत," सर म्हणाले. "दोष गाडीत निघाला तर तुमचा, नाही निघाला तर माझा. एवढंच ठरवायचंय."

उत्तरेश्वरला राग आला नाही. सरांचं म्हणणं खरं होतं. क्लचची वायर त्यानेच ताणली होती.

सर गेल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं आणि कामाला बसला. वायरीला जेवढी ढील हवी तेवढीच होती. लिव्हर पुरता दाबला जात होता, आतला दांडा पुरता सरकत होता. तेल काढलं, तेही स्वच्छ, योग्य त्याच जातीचं. झाकण उघडून त्याने प्लेटा बाहेर काढल्या आणि एकेक करून जाड काचेवर ठेवून पाहिल्या. तिरकी झालेली प्लेट काचेवर डुगडुगते. एकही डुगडुगली नाही. प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या कडांवरून त्याने अंगठा फिरवला. खाच लागली नाही.

सगळं धुऊन, पुसून, जसंच्या तसं बसवून त्याने गाडी मेन स्टँडवर चढवली, इंजिन सुरू केलं, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. अशा वेळी आतल्या तेलाच्या ओढीने मागचं चाक थोडं फिरतंच. चपलेचा तळ टेकवला की थांबतं. त्याने तळ टेकवला. चाक थांबलं. म्हणजे क्लच सुटत होता. त्याने पाच वेळा पाहिलं.

आता दोष सरांचा ठरत होता. त्याला ते बरं वाटेना.

दुपारी जागा करायची म्हणून त्याने गाडी फिरवली आणि तिचं तोंड रस्त्याकडे, पूर्वेला केलं. पुन्हा स्टँडवर चढवून, सवयीने, एकदा चालू करून पाहिली.

चाक फिरायला लागलं आणि चपलेने थांबलं नाही.

त्याने जोर लावला. रबराचा वास आला. मग त्याने ब्रेक दाबला. चाक थांबलं खरं, पण इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. क्लच सुटत नसताना ब्रेक दाबला की इंजिन गुदमरतं, धडपडतं, बंद पडतं. बावीस वर्षांत त्याने याला अपवाद पाहिला नव्हता. इथे इंजिन निवांत चालू होतं, जणू त्याचा आणि चाकाचा काही संबंधच नव्हता. ब्रेक सोडला की चाक पुन्हा फिरायचं. वेग माणसाच्या चालीचा.

त्याने गाडीचं तोंड भिंतीकडे केलं. क्लच सुटला. पूर्वेकडे केलं. सुटला नाही. उत्तरेला सुटला, पश्चिमेला सुटला. जमिनीचा उतार असेल म्हणून त्याने पाणसळ लावून पाहिली, गाडी बाहेर फूटपाथवर नेऊन पाहिली. खडूने फरशीवर रेघ मारली, तेव्हा कळलं की नुसती पूर्वही नाही. रेघेच्या चार बोटं इकडे किंवा तिकडे सरकलं की चाक थांबतं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी कौशल्याने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला की सरांच्या गाडीचं दुखणं सापडत नाही. कौशल्या त्याची बायको, वीस वर्षांच्या संसारात त्याचं गप्प राहणं ओळखणारी. ती म्हणाली, ज्या बाईला लागलं तिला तर विचारा.

शुक्रवारी दोघं दवाखान्यात गेली. दवाखाना नवी पेठेत होता. मैनाबाई साठीच्या, बारक्या चणीच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेल्या. त्यांच्या मनात सरांबद्दल राग नव्हता. कौशल्याने त्यांची उशी सारखी केली, केसांना तेल लावून वेणी घालून दिली. दोघी बराच वेळ माहेरच्या गोष्टी बोलत बसल्या.

निघताना उत्तरेश्वरने विचारलं, "मावशी, गाडी जोरात आली का?"

"नाही हो. सावकाश आली," मैनाबाई म्हणाल्या. "त्या सरांचा चेहरा बघितला मी. ते तिला मागे ओढत होते. लहान पोर हात सोडवून पळतं ना कुणाकडे, तशी आली."

मग त्या कौशल्याचा हात धरून म्हणाल्या की इथे पडल्या पडल्याही ती गाडी खिडकीखाली उभी आहे असं वाटतं. कौशल्याने त्यांना समजावलं.

गॅरेजवर परत आल्यावर उत्तरेश्वरने मोबाइलवर नकाशा उघडला आणि खडूची रेघ पुढे वाढवत नेली. कर्वे रस्ता, नदी, नवी पेठ. रेघ दवाखान्यावरून गेली. त्याने मोबाइल खिशात टाकला. पुण्यात पूर्वेकडे हजार गोष्टी आहेत, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी रेघेवर चाक फिरलं नाही.

त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने इस्त्रीवाल्याला बोलावून चहा पाजला. गाडी बरी झाली होती, कशीही का असेना. शेवटचं म्हणून त्याने तिला एक पूर्ण गोल फिरवून पाहिलं. नैऋत्येला तोंड झालं आणि चाक सुरू झालं. तोच चालीचा वेग.

त्याने सरांना फोन लावला आणि मैनाबाईंची चौकशी केली.

"कालच घरी सोडलं," सर म्हणाले. "म्हणजे लेकीकडे. वारज्याला. का?"

त्याने फोन ठेवून दिला. वारजे कोणत्या दिशेला हे सांगायला नकाशा लागत नव्हता.

त्या दिवशी त्याने जे केलं ते भीतीने केलं की हट्टाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने झाकण पुन्हा उघडलं. क्लचच्या सगळ्या प्लेटा, वरची दाब देणारी तबकडी, स्प्रिंगा, सगळं काढून बाकावर वर्तमानपत्रावर मांडलं. इंजिनाची ताकद चाकाकडे जाते ती फक्त या प्लेटांतून. त्या नसल्या की मधला पूलच तुटला. इंजिन कितीही रेस केलं तरी गाडी हलायची नाही.

प्लेटा त्याने मोजल्या. नऊ. दोनदा मोजल्या.

झाकण बसवलं. तेल भरलं. तोंड नैऋत्येला केलं. सेल्फ मारला. गिअर टाकला.

काही झालं नाही.

त्याने श्वास सोडला. हात पुसायला चिंधी घेतली.

तेव्हा चाक फिरलं.

आधी टिचभर. मग अर्धा फेरा. मग सलग. त्याने चपलेचा तळ टेकवला आणि पाय मागे फेकला गेला. बाकावर नऊ प्लेटा उन्हात चमकत होत्या.

चेन काढावी, असं त्याच्या मनात आलं. पण त्याचा हात पुढे गेला नाही. चेन काढली, आणि तरीही चाक फिरलं, तर मग काय?

तो स्टुलावर बसून राहिला. गाडी बंद करण्याचंही त्याला सुचलं नाही. रस्त्यावरून पीएमपीची बस गेली. इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू होता. चाक फिरत होतं.

मग ते थांबलं.

कुणी ब्रेक दाबला नाही. इंजिन चालूच होतं. चाक थांबलं, इतकंच.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

दुपारी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच सपाट नव्हता. मैनाबाई गेल्या. लेक पोहे घेऊन खोलीत गेली तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी वर चढली. अशा दुखण्यात होतं असं. उत्तरेश्वरने वेळ विचारली नाही. सरांनी आपणहून सांगितली.

पुढचे दोन दिवस त्याने प्लेटा बसवून गाडी सगळ्या दिशांना तपासली. क्लच लोण्यासारखा सुटत होता. आता कागदावर लिहायचं उरलं होतं. दोष नाही असं लिहावं, तर सर अडकणार, आणि आता तर माणूस गेलं होतं. वायर आपणच चुकीची ताणली असं लिहावं, तर ते खोटं. रात्री जेवताना त्याने कौशल्याला सगळं सांगितलं, खडूच्या रेघेपासून. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "अहो, जे पाहिलंत तेवढंच लिहा. का झालं ते तुम्हाला कुठे माहीत आहे?"

म्हणून त्याने लिहिलं: 'क्लच दाबला असता सुटत नव्हता. कारण सापडलं नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

गुरुवारी सकाळी सर कागद न्यायला आले. त्यांनी तो दोनदा वाचला. बावीस वर्षं हेच काम केलेल्या मेकॅनिकने कारण सापडलं नाही असं लिहून देणं म्हणजे काय, ते त्यांना कळत असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. गाडीकडे मात्र पाहिलं नाही.

"ती तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "विका, मोडा. मला सांगू नका."

सर रिक्षाने गेले. गाडी मोडीतच घालायची, हे उत्तरेश्वरने ठरवून टाकलं. भंगारवाला दुपारी दोनला येतो म्हणाला. त्याआधी इंजिन एकदा चालवून तेल पातळ करून काढून घ्यावं म्हणून त्याने गाडी स्टँडवर चढवली, रस्त्याकडे तोंड करून, आणि सेल्फ मारला. गिअर टाकायचं काही कारण नव्हतं. त्याने टाकला नाही.

तो वाकून तेलाच्या नटाला पाना लावत होता, तेव्हा कानाजवळून वारा गेल्यासारखं झालं. त्याने मान वर केली. मागचं चाक फिरत होतं.

न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला होता.

त्याने गाडीच्या तोंडाच्या रोखाने समोर पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या कडेला, जेवणाचा डबा हातात घेऊन कौशल्या उभी होती. रहदारी थांबायची वाट पाहत होती. तिने त्याला पाहिलं आणि हात केला.

त्याने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. हिरवा दिवा विझला.

कौशल्याने रस्ता ओलांडला. फूटपाथ चढली, शटरखालून वाकून आत आली आणि गाडीला वळसा घालून बाकावर डबा ठेवला. आज लवकर आले, भाजी गरम आहे तोवर खाऊन घ्या, म्हणाली.

चाक थांबलं ते इंजिन बंद झालं तेव्हा नाही; वळसा घालताना ती गाडीच्या समोरून बाजूला झाली, तेव्हा.