तीन नंबरचा नारळ

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आंबेखोलच्या भूऔष्णिक केंद्रात चकती काढायचा कार्यक्रम असे. जमिनीखालून तीन किलोमीटरवरून येणारं तापलेलं पाणी कूपाच्या तोंडाशी एका जाड पोलादी दाबचकतीच्या भोकातून बाहेर पडे. ती चकती खोलून, खरवडून पुन्हा बसवायची, एवढंच काम. पण गेले आठ महिने श्रीरंग पेडणेकरच्या चार नंबर कूपाची चकती पिवळीजर्द निघत होती. तो थर अस्सल सोन्याचा होता.

शेजारच्या तीन नंबरची चकती मात्र कोरी. तीन नंबर डॉ. कालिंदी मोंडकरचा. सतरा वर्षं तिनं तो कूप जपला, आणि पाच वर्षांपूर्वी आलेल्या श्रीरंगच्या पदरात सोनं पडलं! पुढच्या महिन्यात केंद्रप्रमुख निवडायचा होता, आणि तो कोण होणार हे कॅन्टीनमधल्या मांजरालाही माहीत होतं. कालिंदीचा नुसता जळफळाट होत होता. श्रीरंग हसला तरी तिला ते आपल्यावरच वाटे.

त्यात हा नारळ. चकती उघडण्याआधी केंद्रातला जुना कामगार बाबी परब देवाला गाऱ्हाणं घालून नारळ फोडे. सोनं चार नंबरला, पण बाबी नारळ घेऊन तिच्या दारात.

"पेडणेकर सायबानी सांगल्यानी हा, नारळ तीन नंबराकच फोडूचो," तो म्हणाला आणि हात जोडून मोठ्यानं सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, ह्या तीन नंबराची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. श्रीरंगचा आवाज सगळ्यांत मोठा.

म्हणजे वर दया दाखवतोय, कालिंदीला वाटलं. तिनं प्रसादाचं खोबरं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

"दोन्ही कूपांना पाणी देणारी खडकातली भेग एकच, पाणी तेच," तिनं त्या दुपारी त्याला गाठलंच. "मग सोनं तुझ्याकडेच का?"

"खाली पाण्यात गंधकाचा वायू विरघळलेला असतो, तो सोन्याला धरून ठेवतो. दाब उतरला की पाणी उकळतं, वायू वाफेबरोबर पळतो आणि सोनं जागच्या जागी खाली बसतं. माझ्याकडे पाणी नेमकं चकतीपाशी उकळतं. तू तर झडप आवळूनच ठेवतेस. तुझं पाणी उकळतच नाही." तो हसला. "तशीच ठेव."

तशीच ठेव! कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी तो वीस दिवसांसाठी पुण्याला गेला. भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिनं तीन नंबरची झडप पूर्ण उघडली. नियमाप्रमाणे नोंदवहीत वेळ लिहिली, दाब लिहिला. शेवटचा रकाना होता 'कारण'. तो तिनं मोकळा सोडला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्ही चकत्या निघाल्या. तीन नंबरची पांढरी. चार नंबरचीही पांढरी. नुसती गारगोटीची खरपुडी. दोन्ही कूपांचं पाणी निम्म्यावर आलं होतं. बाबीनं नारळ तसाच पिशवीत ठेवला.

श्रीरंग दाबाचे आलेख बराच वेळ बघत बसला. मग त्यानं बॅगेतून एक टिपण काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे पुण्याच्या परिषदेत मांडलं मी. पहिली ओळ बघ."

ओळ होती: 'चार नंबरचे सोने तीन नंबरच्या दाबावर उभे आहे.' वर लेखकांची नावं. पहिलं कालिंदी मोंडकर.

"तू झडप आवळून भेगेतला दाब टिकवत होतीस, म्हणून पाणी माझ्या चकतीपर्यंत न उकळता येत होतं. निम्मं श्रेय तुझं. नारळ उगाच फोडत होतो का तिथे? तुला आधी सांगायला हवं होतं. पण म्हटलं, तिथे मान्य झालं की सांगू."

कालिंदीनं टिपण खाली ठेवलं. "मग आता सोनं..."

"दाब उतरला, तशी उकळपातळी खाली गेली. एकोणीसशे मीटरवर, भेगेला दोन्ही कूपांकडे फाटे फुटतात त्याच्याही खाली. सोनं तिथल्या भेगेत बसलं आणि वरून गारगोटीनं भेग बुजत आणली. आता झडप बंद करून उपयोग नाही." तो एकदम ताठ बसला. "कालिंदी, अगं, ही सोन्याची शीर आहे! डोंगराला हजारो वर्षं लागली असती. माणसानं घडवलेली पहिली शीर, आणि ती तुझ्या एकटीची. माझा त्यात काही संबंध नाही. प्रमुखपद काय घेऊन बसलीस, जग तुझं नाव घेईल!"

सतरा वर्षं ती हेच ऐकायला आसुसली होती.

"पुरावा म्हणून नोंदवहीचं हे पान जसंच्या तसं छापावं लागेल," त्यानं वही पुढे ओढली. "वेळ आहे, दाब आहे. कारणाचा रकाना तेवढा मोकळा राहिलाय. काय प्रयोग होता तुझा?"

एखादं भारदस्त वाक्य लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. श्रीरंगला तर नाहीच. तो तिच्याकडे कौतुकानं बघत होता, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

तिनं पेन उचललं आणि मोकळ्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: हेवा.