सोयीचा शब्द

“पहिल्याच ओळीत दोन चुका,” तिने मान वर न करता सांगितलं. “आणि म्हणे, सभेत छाप कशी पाडावी!”

छापखान्यातल्या टेबलापलीकडे उभा असलेला तो मोकळेपणी हसला. लोकांना भाषण करायला शिकवणं हा त्याचा व्यवसाय, आणि स्वतःची पुस्तिका छापून घ्यायला तो आला होता. ती तिथे प्रुफं तपासायची. बाहेर पाऊस लागला होता म्हणून तो थांबला… पाऊस गेल्यावरही थांबला.

“वेलांटीबाई, चहा घेणार?”

“एका अटीवर. भाषण नको.”

मग चहा रोजचाच झाला. एकदा पेन्सिल घेताना बोटांना बोटं लागली, आणि ती सोडायला दोघांनीही जरा उशीरच केला.

म्हणून तर तिने त्याला ताईची गोष्ट सांगितली. ताई पूर्वी तिचा दादा होती. तीन वर्षांपूर्वी सगळ्या घराने तोंड फिरवलं, तेव्हा पहिल्यांदा ‘ताई’ अशी हाक मारली ती हिनेच. आता नोकरदार बायकांच्या वसतिगृहात ताईने यापुढे राहावं की नाही, यावर तिथल्या बायका मतदान करणार होत्या. ताईच्या बाजूने ही बोलणार होती.

“भाषण मी बसवून देतो,” तो म्हणाला. “फक्त ‘बहीण’ म्हणू नकोस. वाद त्याच शब्दावर आहे. ऐकताक्षणी अर्धी सभा बिथरेल. ‘माझं भावंड’ म्हण. कुणाला टोचत नाही.”

“पण ती माझी बहीणच आहे.”

“हो गं. पण मतं हवीत ना?” त्याने तिच्या कपाळावरची बट अलगद मागे सारली. “विश्वास आहे ना माझ्यावर…?”

होता. तिथेच सगळा घोळ झाला.

“माझं भावंड फार सोसून इथवर आलंय,” ती सभेत म्हणाली. “ते कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ते सकाळी कामाला जातं, संध्याकाळी परत येतं…”

बायकांनी डोळे पुसले. शेवटच्या रांगेतली ताई मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली.

आठ मतांनी खोली वाचली.

“थँक्यू,” जिन्यापाशी ताई म्हणाली.

“ताई, मतांसाठी म्हणून मी—”

“लोक काहीही म्हणतात गं, सवय आहे मला. पण आज तू म्हणालीस.”

ती वर निघून गेली.

बाहेर भुरभुर सुरू होती. तो छत्री घेऊन उभा होता, आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. “जिंकलो! आता एकच सांग… लग्न करशील माझ्याशी?”

किती दिवस तिने याच प्रश्नाची वाट पाहिली होती.

“तुझ्या आईला ताईबद्दल काय सांगशील?”

तो थांबला. शब्द निवडताना तो नेहमी असाच थांबायचा, आणि ते तिला फार आवडायचं.

“सुरुवातीला… सांगायलाच हवं का?”

ती छत्रीतून बाहेर पडली आणि भिजत चालू लागली. त्याने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

महिनाअखेरीला ताईने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. एवढी भांडून राखलेली खोली रिकामी झाली.

ही दर रविवारी फोन करते. ताई नंबर ओळखते, फोन उचलते, आणि तरीही म्हणते, “हं, बोला.”