चाफ्याचा झेला

"अहो, जळलं की हे!"

क्षितिजा इतक्या मोठ्यानं म्हणाली की दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. माणिकपूरच्या त्या दुकानात लेझरवर ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या कापून मिळत. काउंटरवर तिच्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा पडला होता. आकार बरोबर होता, पण कडा तपकिरी, चिकट आणि फोड आल्यासारख्या.

"मॅडम, हे प्लॅस्टिक लेझरला नाही चालत," दुकानदार म्हणाला. "ॲक्रिलिक आणा, एकदम काचेसारखं निघेल."

"ॲक्रिलिक वाकवलं की मोडतं. मला वाकणारंच हवंय."

"मग जळणार. लेझर जाळतच कापतं ना!"

"पाण्यानं कापून घ्या मग," मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. उंच, सावळा मुलगा, चष्म्यावर पावसाचे थेंब, काखेत नवीकोरी पाटी. आणि तो चक्क हसत होता.

"थट्टा करताय?"

"अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती वसई पूर्वेला आहे, आमच्या गाळ्यात. पाण्याच्या धारेनं दगड कापतो आम्ही. लोखंडसुद्धा."

"लाकूड? प्लॅस्टिक?"

तो जरा अडखळला. "ते... कधी कापून बघितलं नाही."

"पत्ता द्या."

त्यानं काखेतली पाटी तिच्याकडे फिरवली. गाळ्याचं नाव, पत्ता, सगळं पाटीवर होतं. तिनं मोबाइलवर फोटो काढला.

"प्रितेश," तो म्हणाला. "तेवढं पाटीवर नाहीये."

ती हसली नाही. पण पायरी उतरताना तिनं ते नाव एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं.

क्षितिजाची वाडी निर्मळला होती. केळी, मोगरा, थोडी भाजी आणि विहिरीच्या अंगाला सोनचाफ्याची जुनी, उंचच उंच झाडं. हल्लीची कलमं हाताला येतात, ही झाडं तशी नव्हती. रोज पहाटे तिचे बाबा, तुळशीदास, त्यांच्यावर चढून फुलं काढायचे. आषाढात ओल्या फांदीवरून त्यांचा पाय सुटला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ते काठी घेऊन चालत होते. "या झाडांवर आता कुणी चढायचं नाही," आईनं, नर्मदानं, निक्षून सांगितलं होतं. मग एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, "नवरात्राआधी तोडून टाकू. केळी लावू तिथं." बोलताना ते भिंतीकडे बघत होते.

"नवरात्रापर्यंत मला द्या, बाबा," क्षितिजा म्हणाली होती.

ती माणिकपूरला एका इंटिरियरवाल्याच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची. पण तिचा खरा जीव घरच्या पडवीतल्या सुतारकामात. करवत, ड्रिल, पॉलिशपेपर, सगळं तिनं हौसेनं जमवलेलं. आंबे उतरवायला काठीला जाळीचा झेला लावतात, तसा तिला चाफ्यासाठी झेला करायचा होता. बांबूच्या टोकाला प्लायवुडची हलकी पट्टी, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची दोन बोटं, खाली कापडी पिशवी. बोटांनी देठ धरायचा, फूल अलगद पिशवीत. फक्त पाकळीला धक्का लागता कामा नये. चाफ्याला नुसता चिमटा बसला तरी दुपारपर्यंत तिथं काळा डाग येतो, आणि असं फूल हारवाला घेत नाही. करवतीनं कापलेली कड खरखरीत, लेझरची जळकी. आता पाणीच उरलं होतं.

गाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी ती स्कूटरला प्लायचा तुकडा बांधून शटरसमोर हजर झाली. प्रितेश बघतच राहिला.

"तुम्ही खरंच आलात?"

"तुम्ही खरंच सांगितलं होतं ना? अर्धं तरी."

गाळा त्याच्या मामाचा, रामनाथमामांचा. त्यांनी प्लायकडे बघून कपाळाला हात लावला. ते घरच्या आगरी बोलीतच बोलत. "लाकूर? पान्यात? पोरी, ही मशीन दगराची हाय. लाकूर फुगंल."

"फुगलं तर वाळवीन, मामा."

मामांनी भाच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा भाच्याकडे. "करा काय त्ये," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

मोठ्या टाकीवर जाळी, जाळीवर प्लाय, आणि वर सुईसारखं नोझल. पाण्यात लालसर बारीक वाळू मिसळून केसाएवढी धार सुटायची. प्रितेशनं तिला कानावर लावायला कानबंद दिले आणि बटण दाबलं. गाळा घोंगावला. धार प्लायच्या मध्यात घुसली आणि... प्लायचे पदर भिजलेल्या चिरोट्यासारखे सुटले.

त्यानं मशीन बंद केलं. "झालं."

"काय झालं?"

"म्हणजे... नाही जमत."

"एकदा नाही जमलं," ती म्हणाली. "फडकं द्या. टाकी पुसून जाते."

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा आली. या वेळी होड्यांना वापरतात तो पाण्याला दाद न देणारा प्लाय होता आणि जिथून काप सुरू व्हायचा तिथं तिनं आधीच घरून भोकं पाडून आणली होती. "धारेला आत शिरायला जागा हवी. दार उघडं असलं की कुणी धक्के मारत नाही."

"असं?" तो मिश्कीलपणे म्हणाला. "लक्षात ठेवतो."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. तो घाईघाईनं दाब कमी करायला वळला. त्याचे कान लाल झालेत, हे तिला मागून स्पष्ट दिसत होतं.

प्लाय सुरेख कापला गेला. तिनं तो लगेच पुसून संगमरवराच्या दोन लाद्यांमध्ये दाबून ठेवला, वाळताना वाकू नये म्हणून. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा मात्र धारेखाली थरथरायचा आणि काप वेडावाकडा जायचा. यावर तोड प्रितेशनं काढली. टाकाऊ प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये प्लॅस्टिक गच्च आवळायचं आणि तिन्ही एकदम कापायचं. मशीन चालू असताना बोलणं अशक्य. कान बंद, फक्त डोळे उघडे. तो भुवया उंचावून विचारायचा, 'बरोबर?' ती मान हलवायची, 'थोडं डावीकडे.' धारेचे तुषार दोघांच्या तोंडावर उडायचे आणि दोघंही ते पुसायला विसरायची.

बोटं निघाली. कड साखरेसारखी धूसर, कुठं जळकं नाही, कुठं कुसळ नाही. तिनं डोळे मिटून ती कड गालावरून फिरवली.

"हे काय?"

"पाकळीला काय वाटेल ते बघतेय."

"मला पण बघू दे." बोलता बोलता त्याचं 'तुम्ही' गळून पडलं होतं. त्यानं मनगट पुढं केलं. तिनं तिथं, नाडीवरून, ते प्लॅस्टिक हळूच ओढलं.

पण झेला फसला. फुलं उतरली, पिशवी भरली, आणि दुपारी हारवाल्यानं टोपली परत पाठवली. प्रत्येक फुलाच्या गळ्याशी काळी रेघ होती. संध्याकाळी तिनं प्रितेशला फोन करून एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसखाली उभा होता, हातात चकचकीत स्टीलचा झेला घेऊन.

"रात्रीत डोक्यात आलं, सकाळी कापला. तुझ्यासाठी. हा कधी मोडणार नाही."

तिनं तो हातात घेतला. जड होता, आणि धार चाकूसारखी. "तू चाफा काढताना कधी बघितलायस?"

"नाही... पण —"

"मला विचारलंस तरी?"

"क्षितिजा, मी मदत —"

"मदत वेगळी आणि माझं काम माझ्या हातातून काढून घेणं वेगळं." तिनं झेला त्याच्या हातात परत दिला. "तुला वाटलं, हिला काही जमत नाही. होय ना?"

ती गेली. तो तसाच रस्त्यात, लोकांच्या वाटेत उभा राहिला.

पुढचे काही दिवस फोन नाही, निरोप नाही. गाळ्यातल्या त्या घोंगावणाऱ्या आवाजाचीसुद्धा तिला आठवण यायची. स्वतःचाच राग यायचा. पण ती रोज पडवीत बसून नवी बोटं कागदावर काढत होती, खोडत होती, पुन्हा काढत होती.

मग एका पहाटे वाडीच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रितेश. अंगावर ओला रेनकोट, हात रिकामे.

"बघायला आलोय," तो म्हणाला. "चाफा कसा काढतात ते. बाकी काही बोलणार नाही."

क्षितिजानं फाटक उघडून त्याला आत घेतलं. बाबा काठी टेकत अंगणात आले होते. एक खालची फांदी त्यांच्या हाताला येत होती. प्रितेशनं त्यांना विचारलं, "काका, दाखवाल?"

तुळशीदासांनी हात वर केला. फूल ओढलं नाही, खुडलंही नाही. दोन बोटांत देठ नुसता धरला, अंगठ्यानं मागं कलवला आणि थांबले. क्षणभरानं 'टक्' असा नाजूक आवाज झाला. फूल आपणहून हातात आलं.

"घाई केली की डाग पडतो," ते म्हणाले. "कललं की फूल स्वतःच सुटतं."

लहानपणापासून बघत आलेली ही गोष्ट क्षितिजाला जणू आत्ता दिसली. तिची बोटं ताठ होती, देठाला चिमटत होती. त्यांना अंगठ्यासारखं मागं झुकता यायला हवं होतं! ती धावत पडवीत गेली, कागद घेऊन आली. "बोटाच्या मुळाशी लांब, बारीक चिरा पाडल्या तर? एकाशेजारी एक... म्हणजे तिथं ते लवचीक होईल."

"धारेला जमेल," प्रितेश म्हणाला. मग जपून, "तू सांगशील तशा पाडू."

या वेळी ती हसली.

त्या आठवड्यात त्यांनी किती बोटं कापली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. काहींच्या चिरा रुंद झाल्या, काही मुळाशीच तुटली. रामनाथमामा कुरकुरत राहिले, पण वाळूची पिंपं त्यांनीच भरून ठेवली. आणि नवरात्राच्या तोंडावर, झाडं तोडणारा माणूस ज्या दिवशी यायचा होता, त्याच पहाटे क्षितिजा नवा झेला घेऊन सगळ्यात उंच चाफ्याखाली उभी राहिली. पानांवरून रात्रीचा पाऊस ठिबकत होता. बोटं देठाभोवती बसली, झुकली. ती थांबली. श्वास रोखून थांबली.

टक्.

दुसरं. तिसरं. मग तिनं मोजलंच नाही.

बाबांनी पिशवीतलं एकेक फूल उजेडाकडे धरून बघितलं. देठ कुठं तुटलाय ते बघितलं, गळा बघितला. डाग दुपारी दिसतो, म्हणून त्यांनी तोडणाऱ्याला फोन करून दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. आणि दुपारी, पिवळ्याधमक, निष्कलंक फुलांची टोपली समोर ठेवून, त्यांनी पुन्हा फोन केला. "येऊ नकोस बाबा. झाडं राहणार आहेत."

आई पदरानं डोळे पुसत आत गेली. प्रितेश एका बाजूला उभा होता. सुट्टी टाकून तो पहाटेपासून तिथंच थांबला होता.

"काय रे," तुळशीदासांनी विचारलं. "घरून, नायगावाहून इतक्या लांब येतोस, ते झाडांसाठी?"

"सुरुवातीला... मशीनसाठी, काका. मग झाडांसाठी."

"आणि आता?"

प्रितेशनं क्षितिजाकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आता... तुम्ही इथं नसतात तर सांगितलं असतं."

पडल्यापासून पहिल्यांदाच तुळशीदास मोठ्यानं हसले. "नर्मदा, चहा टाकलास का गं?" असं म्हणत ते काठी टेकत घरात निघून गेले.

"गेले बाबा," क्षितिजा म्हणाली. "सांग."

त्यानं घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि एकदम बोलून टाकलं, "मना तू आवरतंस."

"मी आवरते? काय आवरते?"

"आवरतंस म्हणजे... आवडतेस. आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो." तो कानापर्यंत लाल झाला होता. "घाबरलो की घरचंच तोंडात येतं. थांब, नीट सांगतो —"

"नको," ती हळूच म्हणाली. "हेच नीट आहे." तिनं त्याच्या हातात हात दिला. "मला पण तू आवरतोस. खूप." मग क्षणभर विचार करून म्हणाली, "तुझ्या घरी चालेल का?"

"मामांना तू पटलीयेस. आईचं सांगता येत नाही. सवडीनं, हळूहळू तिच्या कानावर घालतो..."

"हळूहळू कशाला? रविवारी मीच येते."

आणि ती गेली. नायगावच्या नव्या टॉवरांमागं, खाडीच्या बाजूला त्यांचं जुनं घर होतं. प्रितेशची आई, धोंडूबाई, ओटीवर मासळी साफ करत बसली होती. प्रितेश अजून मोटारसायकल लावत होता. "आधी मी बोलतो" असं त्यानं वाटेत तीनतीनदा बजावलं होतं. क्षितिजा सरळ ओटीशी जाऊन उभी राहिली.

"कोन गो तू?" धोंडूबाईंनी विळीवरचे हात न थांबवता विचारलं.

"मी क्षितिजा, निर्मळची. मला प्रितेशशी लग्न करायचंय. तुम्हांला विचारायला आले."

मोटारसायकल तिथंच अर्धवट आडवी झाली. विळीवरचे हात थांबले. धोंडूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. भिजलेल्या चपला, हातावरचे करवतीचे चरे, न झुकलेली नजर... सगळं बघितलं. मग कोपरानं एक पाट पुढं सरकवला.

"मंग बस की. उभ्यानं कदी लगीन ठरतं काय?"