बुवांच्या हातची चिमूट

मुक्तिशाळेत आता कुणी शपथ घेत नसे. भिंतीवरची ती घाबरवणारी चित्रंही कधीच उतरली होती. तंबाखू सोडायला येणाऱ्याने फक्त दोन गोष्टी आणायच्या: तंबाखूची आपली सगळ्यांत गोड आठवण, आणि ती ऐकायला घरचं एक माणूस.

श्रीपतराव अभ्यंकरांनी लेकीला, कुमुदला, आणलं होतं. त्यांचा उभा जन्म भार्गवबुवांच्या कीर्तनात पेटी वाजवण्यात गेला. बुवा जाऊन बरीच वर्षं झाली, तंबाखू मात्र राहिली. आता गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला होता. तंबाखू सुटली नाही तर जबड्यावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गटात बसून झालं, गोळ्या झाल्या, फोनवरच्या ताईंचा धीर झाला. पण कुठे टाळ वाजले, की हात चंचीकडे वळलाच!

"तेच तर, काका," मुक्तिशाळेच्या डॉ. शर्वाणी म्हणाल्या. "तंबाखू रक्तातून लवकर जाते. ओढ राहते ती आठवणीत. आपल्या माणसाला मोठ्यानं सांगू लागलं, की आठवण थोडा वेळ मऊ होते, गुळाच्या पाकासारखी. याला आम्ही मऊकाळ म्हणतो. तेवढ्यात ही कपाळावरची पट्टी तिच्यातली ओढ विरघळवते. मग आठवण पुन्हा घट्ट होते, ओढीवाचून."

"आणि गोडी?"

"घडलेलं सगळं आठवेल. गोडी किती उरेल, ते ती ओढीला किती चिकटलीय त्यावर आहे."

"मग नको बाई," श्रीपतराव उठलेच. "बुवा तेवढेच उरलेत माझ्याजवळ."

"आणि माझ्याजवळ कोण उरलंय, बाबा?" कुमुदचा आवाज फुटला. "बुवांचं एवढं कौतुक! तंबाखूचा वास तर मला लहानपणापासून सोसत नाही."

श्रीपतराव परत खाली बसले.

"साधं सांगा हं, जेवढं घडलं तेवढंच," डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता बजावलं. पण कीर्तनात मुरलेल्या माणसाला साधं सांगता येतं थोडंच! श्रीपतरावांनी घसा खाकरला आणि आख्यानच लावलं.

"पूर्वरंग संपला, की बुवांच्या गळ्यात हार पडायचा. मग नामाचा गजर. अख्खं देऊळ डोलतंय, आणि माझे हात पेटीत अडकलेले! बुवा स्वतः कधी तंबाखूला शिवले नाहीत. पण त्या गजरात हळूच माझ्या आडोशाला यायचे, माझी चंची उघडायचे, बुक्क्यानं काळ्या झालेल्या तळहातावर चुना लावून मळायचे. म्हणायचे, 'श्रीपता, आत्ताच तासभर व्यसनावर बोललो रे! देवा, तू जरा तिकडे बघ!' आणि चिमूट माझ्या ओठाआड ठेवायचे. आई लेकराला भरवते ना, तशी..."

त्यांनी बुवांचा आवाज काढला, हसू काढलं, शेवटी डोळ्यांतून पाणीही काढलं. कुमुदला बुक्क्याचा वास आला. पट्टीवरचा हिरवा दिवा लागला.

उपचार अगदी उत्तम ठरला. चट्टा निवळत गेला. चंची श्रीपतरावांनी स्वतःच अडगळीत टाकली.

एका संध्याकाळी कुमुदनं बुवांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण लावलं. गजर सुरू झाला. श्रीपतराव शेंगा सोलत होते.

"बरे गायचे," ते म्हणाले.

कुमुदच्या मात्र डोळ्यांना धार लागली होती. "बाबा, परत सांगा ना ते. गजरातलं."

"सांगितलंय की. माझे हात मोकळे नसायचे, म्हणून ते मळून द्यायचे."

"असं नाही हो!" ती तळमळून म्हणाली, आणि स्वतःच सांगू लागली. हार, गजर, काळा तळहात, 'देवा, तू जरा तिकडे बघ!' शब्द न् शब्द तोच, सूरही तोच. मऊ आठवण ऐकणाऱ्यातही उतरते का, हे मुक्तिशाळेत कुणी तपासलं नव्हतं. तिथली सगळी यंत्रं पट्टीखालच्या डोक्याकडेच बघत होती.

सांगता सांगता कुमुदनं आवंढा गिळला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"बाबा, चव कशी असते हो?"

श्रीपतराव चपापले. तिला दटावावं, घाबरवावं, असं त्यांना वाटलं. पण भीती घालायची ती कुठल्या ओढीची? त्यांनी आठवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. आत काहीच हललं नाही.

"विशेष काही नसते गं," ते म्हणाले.

"बुवांच्या हातचीसुद्धा?"