श्रियाताईचा ओव्हन

उत्तराच्या घरचा ओव्हन विकायचा होता, तो बघायला केदार पहिल्यांदा त्यांच्या घरी आला. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणारा माणूस. डोंबिवलीजवळच्या कोपरच्या गल्ल्यांत दोनदा रस्ता चुकलेला.

"चालतो ना?" ओट्यावरच्या ओव्हनकडे बघत त्यानं विचारलं.

"चालायचा," उत्तरा म्हणाली. "वर्षभर कुणी लावलेला नाही. माझ्या ताईचा आहे... होता."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. उत्तराला ते बरं वाटलं. श्रियाताई तापाचं निमित्त होऊन गेली होती. त्या ओव्हनमध्ये ती मनुका घालून स्कोन्स, म्हणजे छोटे खुसखुशीत गोड पाव, भाजायची. आईला आता तो डोळ्यांसमोर नको होता.

"एकदा लावून बघूया?" केदार म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर."

घरात मैदा होता, लोणी होतं. ताईला स्कोन्स करताना उत्तरानं कितीदा पाहिलेलं, पण स्वतः कधी हात लावला नव्हता. तिनं पोळ्यांच्या कणकेसारखा गोळा मळायला घेतला.

"अहो, मळू नका. थंड लोणी पिठात नुसतं बोटांनी चुरायचं. मग दूध घालून कसंबसं एकत्र आणायचं. मळले की दगड होतात. मी एकदा मित्राकडे केलेले... त्यातला एक तो अजून दाराला अडसर म्हणून लावतो."

उत्तरा हसली. आणि या घरात आपण हसलो, या जाणिवेनं तीच दचकली.

ओव्हन तापला, वास घरभर पसरला. आतून आई आली. तिनं ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेऊन जायला सांग त्यांना," एवढंच म्हणून तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

ओव्हन निवेपर्यंत उत्तरानं ओटा आवरला. मग केदारनं तो उचलला. जिन्यात तो थांबला.

"तुम्हाला कधी करावेसे वाटले, तर... माझ्याकडे या. ओव्हन तुमचाच समजा."

बरेच दिवस ती गेली नाही. मग एका रविवारी गेली. मग पुढच्याही.

"मीठ विसरलीस," तो म्हणायचा.

"मुद्दाम. तुला बोलायला काहीतरी हवं ना."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा तिच्या बटेला लागलेलं पीठ पुसायला त्याचा हात उठला आणि मधेच थांबला.

"लागलंय..."

"मग पूस ना."

त्यानं पुसलं. नंतर कितीतरी वेळ दोघंही ओव्हनच्या काचेत बघत राहिली.

घरी परतताना मात्र तिचे पाय जड व्हायचे. ताईच्या ओव्हनपाशी आपण सुखात, आणि आई तिकडे दार लावून बसलेली. शेवटी एका संध्याकाळी तिनं स्कोन्सचा डबा आईपुढे ठेवला.

आईनं बऱ्याच वेळानं तुकडा मोडला. डोळे भरून आले, तरी घास गिळला.

"मनुका जास्त झाल्यात. श्रिया इतक्या नाही घालायची." मग म्हणाली, "कुठे करतेस?"

"केदारकडे. ओव्हन नेला ना, त्याच्याकडे."

"नुसती स्कोन्ससाठी जातेस?"

उत्तराला खोटं बोलवेना. "नाही, आई."

"त्याला सांगितलंस?"

"नाही गं अजून."

आईनं दुसरा तुकडा घेतला. "सांग. श्रियानं सगळं 'नंतर' म्हणून ठेवलेलं, ते राहूनच गेलं."

पुढच्या रविवारी ती पोचली तेव्हा केदार लोणी चुरत होता. उत्तरा स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"केदार, हे रविवारी-रविवारी येणं... आता नको."

त्याचे हात थांबले. चेहरा उतरला. "ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "ओव्हन पोचवतो मी घरी."

"ओव्हन नकोय रे. मला रविवार पुरत नाही."

त्यानं पिठाचं भांडं बाजूला सारलं.

"मला तर सोमवारी सकाळपासूनच पुरत नाही, उत्तरा," तो म्हणाला.

तिला पीठ लागेल म्हणून तो हात मागे धरून लांबच उभा होता. उत्तराच पुढे झाली, आणि तिनं ते हात आपल्या हातांत घेतले.