सायोचं ताट

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. ज्या घरात हे घडलं त्याच घरात बसून मी सांगतेय. आणि जिच्याबद्दल सांगतेय, ती आत्ता भिंतीपलीकडे भांडी घासतेय. म्हणून आवाज जरा हळू ठेवते.

१९८३ सालची गोष्ट. डिसेंबर संपत आला होता.

मी इत्सुको आणि माझी धाकटी बहीण सायो, दोघी तोक्योत नोकरीला होतो. नववर्षाला घरी जायचं ते रात्रीच्या स्लीपर गाडीनं. उएनोला गाडीत चढून झोपायचं आणि सकाळी उठून बघितलं की खिडकीबाहेर आमच्या हिरोसाकीकडच्या सफरचंदाच्या बागा, गुडघाभर बर्फात उभ्या.

आमच्या खणात खालचा बर्थ माझा, माझ्या वरचा सायोचा. समोरच्या खालच्या बर्थवर नाराओका नावाचे सफरचंदांचे एक व्यापारी होते. पोट सुटलेले, बोलघेवडे. त्यांच्या वरचा बर्थ रिकामा होता.

सायोनं डब्याचं झाकण काढलं आणि मला कोपरानं ढोसलं.

"ताई, आईनं आत्तापासून आपली ताटं वाढली असतील बघ."

"असणारच. आणि दर घटकेला झाकण उचलून बघत असेल."

आमच्याकडे घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते परत येईपर्यंत त्याच्या नावाचं छोटं ताट वाढून ठेवतात. भात, लोणचं, वाटीत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, गरम सार. वाटेत त्याची उपासमार होऊ नये म्हणून. साराच्या वाटीवर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळानं उचलून बघायचं. आतल्या बाजूला थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे.

आणि झाकण कोरडं निघालं तर...

हे वाक्य आई कधी पुरं करत नसे.

"गरम सारावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच की!" सायो हसत म्हणाली. "कोरडं निघेल कसं?"

"हसू नकोस, पोरी," नाराओकाकाका म्हणाले. "माझ्या बायकोनं ताट वाढलं नाही, की मला गाडीत भूक आवरत नाही."

"काका, तुमच्यापुढे दोन रिकामे डबे पडलेत."

"तेच तर सांगतोय! आज ती रुसलीय."

सायो ठसका लागेपर्यंत हसली. अशीच होती ती. घरात शिरताना 'आले गं!' असं काही ओरडायची, की शेजारच्या कोंबड्या बिचकायच्या. बूट एक इकडे, एक तिकडे. आई रोज ओरडायची आणि रोज स्वतःच ते उचलून ठेवायची.

आणि दुसरीकडे इतकी भिडस्त, की गर्दीत कोणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच माफी मागायची.

हे लक्षात ठेवा.

तिकिटं बघायला कंडक्टर आला. उंच, तरुण, पांढरे हातमोजे घातलेला.

"आता सकाळपर्यंत घोषणा बंद. पहाटे उतरणाऱ्यांना मी स्वतः येऊन उठवीन."

नाराओकांनी हात वर केला. कंडक्टरनं आमच्याकडे बघितलं.

"तुमचं स्टेशन उजाडल्यावर येतं. तुम्ही दोघी निवांत झोपा."

दिवे मंद झाले. सायोनं गाडीतला सुती किमोनो अंगावर चढवला, सपाता शिडीखाली काढल्या आणि वर गेली. वरून तिचा हात खाली लोंबला. मी त्याला हलकेच चापट मारली.

"झोप आता."

"झोपते गं, म्हातारे."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. निदान मी तरी तसंच धरते.

मला जाग आली ती आवाजानं नाही.

आवाज थांबला म्हणून.

गाडी उभी होती. त्यात नवल नव्हतं. रात्री ड्रायव्हर बदलायला गाडी अधेमधे थांबते. दारं उघडत नाहीत, कोणी चढत नाही, उतरत नाही. पण एरवी कुठेतरी पंखा घरघरतो, कोणी खोकतं, नळ ठिबकतो.

त्या रात्री काहीच नाही...

नाराओकांचं घोरणंसुद्धा नाही.

मग पडद्यावर कोणीतरी हलकेच टिचकी मारली. माझ्या नव्हे. वरच्या.

"उठा," अगदी हळू, अदबीचा आवाज. "तुमचं स्टेशन आलं."

झोपेत मला वाटलं, नाराओकांना उठवतायत. पण उत्तर आलं ते वरून.

"अं... हो, हो. माफ करा, तुम्हाला उगीच त्रास."

सायो!

शिडी करकरली. माझ्या पडद्याखाली फटीतून जमीन दिसत होती. सायोचे अनवाणी पाय खाली आले. सपातांत शिरले.

तिच्या शेजारी तिला उठवणाऱ्याचे पाय दिसायला हवे होते.

तिथे कोणाचेच पाय नव्हते...

सपाता सरपटत दूर गेल्या. मी उठायला बघत होते. अंग हलेना. म्हणजे कोणी दाबून धरलं होतं असं नाही. हात माझे होते, पाय माझे होते, पण माझं ऐकत नव्हते. कसाबसा एक हात सुटला. मी खिडकीचा पडदा वर केला.

बाहेर फलाट. बर्फ. एकच दिवा.

आणि दिव्याखाली सायो.

अंगात तो सुती किमोनो, पायांत गाडीतल्या सपाता. एकेक खिडकी बघत, मला शोधत उभी.

मी काचेवर मूठ आपटली. त्या खिडक्या उघडत नाहीत. मी ओरडले. सगळा डबा झोपलाय, लोक काय म्हणतील, ते सगळं विसरून, घसा फाटेपर्यंत ओरडले. एकही पडदा हलला नाही. सायोची नजर माझ्या खिडकीवरून गेली आणि पुढे सरकली. तिला मी दिसलेच नाही.

मग एकदम अंग सुटलं आणि मी धावले. टोकाचं दार घट्ट बंद होतं. पायरीवर बर्फाचा कणही नव्हता. दाराच्या काचेतून ती मला समोर, अगदी जवळ दिसत होती. आमच्या मध्ये फक्त ती काच होती.

गाडी हलली. धक्का नाही, शिटी नाही.

सायो गाडीबरोबर थोडी चालली. मग थांबली. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. हे आपलं स्टेशन नाही, हे तिला त्या क्षणी कळलं होतं.

स्टेशनच्या पाटीवर बर्फ चिकटला होता. नाव वाचता आलं नाही.

कंडक्टर त्याच्या खोलीत सापडला. मी त्याचा कोट धरून ओढला.

"गाडी थांबवा! माझी बहीण खाली राहिली!"

"दारं उघडलीच नाहीत, बाई," तो गोंधळून म्हणाला. "ड्रायव्हर बदलायला थांबलो होतो. दारं बंद आहेत ना, ते मी दर वेळी बोट दाखवून, मोठ्यानं बोलून तपासतो. आत्ताही तपासलं."

"मग तिला उठवलं कोणी?"

"मी अजून कोणालाच उठवलेलं नाही."

तो माझ्याबरोबर आला. आधी माफी मागून त्यानं वरचा पडदा बाजूला केला.

सायो झोपली होती. पांघरूण हनुवटीपर्यंत, शांत.

मी तिथेच शिडीला धरून रडायला लागले. नाराओकाकाका आता घोरत होते.

"स्वप्न पडलं असेल," कंडक्टर समजुतीनं म्हणाला.

मग त्याची नजर खाली गेली. माझी पण गेली.

शिडीखाली सपाता नव्हत्या...

त्यानं वाकून बर्थखाली बघितलं, पलीकडच्या खणात बघितलं, टोकाच्या दारापर्यंत जाऊन आला. कुठून तरी एक नवा जोड आणला आणि शिडीखाली ठेवला.

सकाळी गावी पोचलो. सायो गाडीत फार बोलली नाही. थकली असेल, म्हटलं. मी सारखी तिच्याकडे बघत होते. तेच नाक, हनुवटीवरचा तोच लहानपणचा व्रण. मनाला म्हटलं, पुरे झाला वेडेपणा.

घरी आलो. मी दारातून म्हटलं, "आले गं!"

आतून आईनं साद दिली, "आलीस? ये!"

माझ्यामागे सायो उंबऱ्याशी थांबली. आणि कमरेत वाकून हळूच म्हणाली,

"त्रास देते हं तुम्हाला."

आमच्याकडे परक्याच्या घरात शिरताना पाहुणे असं म्हणतात. आपल्या घरात कोणी म्हणत नाही.

मग तिनं बूट काढले, दाराकडे तोंड करून नीट जोडून ठेवले. तेही पाहुण्यासारखे.

आई त्या बुटांकडे बघत राहिली.

जेवायच्या खोलीत आमची दोन ताटं वाढलेली होती. माणूस घरी पोचलं की त्याचं ताट उचलायचं. आईनं दोन्ही वाट्यांची झाकणं उघडून मला दाखवली. दोन्ही आतून ओली होती. माझ्या जिवात जीव आला.

मग आईनं ताट उचललं. फक्त माझं.

"आई, सायोचं?"

आई माझ्या अगदी जवळ आली. न्हाणीघरात पाणी वाजत होतं.

"सायो सुखरूप आहे," ती म्हणाली. "पण ती अजून आलेली नाही."

मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, रडेल, देवळातल्या भटजींना बोलावेल. तिनं फक्त विचारलं,

"स्टेशनचं नाव बघितलंस?"

"नाही."

"मग आणायचं कुठून तिला?" डोळ्याला पदर लावावा तसं तिनं बाहीचं टोक लावलं. "निदान उपाशी तरी राहू देणार नाही मी."

त्या दिवसापासून आई रोज सायोचं ताट वाढायची. सायो समोर बसून जेवत असायची, आणि शेजारी सायोच्याच नावाचं ताट.

ती कधीच विचारायची नाही, हे कोणासाठी.

खरं सांगायचं तर तिच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नव्हती. तोक्योची नोकरी सोडून ती इथेच राहिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं जे केलं ते पोटच्या पोरीनंही केलं नसतं. हे वाक्य तोंडून गेलं की माझी मीच दचकते. फक्त थंडीत कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईखाली आम्ही बसलो, की कधी तिच्या पायाला माझा पाय लागायचा. शेगडी पेटलेली असायची. आणि तिचे पाय... नुकतेच बर्फातून आल्यासारखे.

आणि बाहेरून घरी आली, की दर वेळी तेच. "त्रास देते हं तुम्हाला." इतक्या वर्षांत एकदाही 'आले गं' नाही.

मी त्याच गाडीनं किती वेळा गेले, मोजलं नाही. रात्रभर खिडकीशी जागी. नाना थांबे बघितले. तो फलाट, तो एकटा दिवा पुन्हा दिसला नाही. मग ती गाडीच बंद झाली. आता त्या वाटेनं रात्रीचं कोणी जात नाही.

आई जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाली, "ताट चुकवू नकोस."

नाही चुकवलं. तोक्यो सोडून मीही इथेच आले. रोज वाढलं, रोज झाकण उचललं. दर वेळी आतून थेंब. म्हणजे माझी सायो कुठेतरी आहे. गारठलेली, वाट बघत. पण आहे. मला तेवढंच करता येत होतं, आणि तेवढंच मी केलं.

या हिवाळ्यापर्यंत.

परवा अंगणातला बर्फ काढून मी आत आले. ती ताटासमोर बसली होती. हातात झाकण. स्वयंपाकघरातल्या फडक्यानं ती त्याची आतली बाजू पुसत होती. हळूहळू, कडेपर्यंत. मग झाकण वाटीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"ताई, आता पुरे ना?"



काल मी ताटासमोरून हललेच नाही. सार उकळतं वाढलं. झाकण माझ्या हातानं ठेवलं, माझ्या हातानं उचललं.

कोरडं...

पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं. वाटीतून वाफ निघत होती, बोट भाजत होतं, आणि झाकणाला आतून एक थेंब नव्हता. मी ते उलटंपालटं करत बसले. सायोला हाका मारल्या. कुठे तोंड करून मारायच्या तेही मला ठाऊक नव्हतं.

ती दुकानात गेली होती. तेवढ्यात बाहेरचं दार सरकलं. एक बूट इकडे पडल्याचा आवाज झाला, एक तिकडे. आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"आले गं!"

तिला उत्तर द्यायचं की नाही, हे ठरवायला मला एक क्षण तरी मिळायला हवा होता. पण या घरात ती हाक आली, की उत्तर आपसूक जातं. जन्माची सवय.

"आलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं. "ये."

ती आत आली. माझ्या हातातल्या कोरड्या झाकणाकडे एकदा बघून कोतात्सूत माझ्यासमोर बसली, रजई ओढून घेतली, आणि तिचा पाय माझ्या पायाला लागला.

ऊबदार होता.