सलाइनच्या खोलीतला ढोंगी

बंगलोरात मराठीतून काहीही बोललं तरी ते घराबाहेर कोणाला कळत नाही, असा मेघाश्रीचा लहानपणापासूनचा पक्का समज होता. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, अगदी शाळेत बाईंच्या तोंडावरसुद्धा तिने या समजाचा भरपूर फायदा घेतला होता. म्हणून त्या मंगळवारी जयनगरातल्या डॉक्टर मोहनकुमारांच्या दवाखान्यात ती हाताला सलाइन लावून पडली असताना, हिरव्या पडद्यापलीकडच्या खाटेवर कोणीतरी शीळ घालायला लागलं, तेव्हा आवाज मुळीच न दाबता ती म्हणाली, “कोण हा गाढव? दवाखान्यात आलाय की वरातीत?”

शीळ थांबली.

“दवाखान्यात,” पलीकडून उत्तर आलं. स्वच्छ मराठी, तेही पुण्याकडचं. “वरात अजून ठरली नाही. ठरली की कळवू?”

मेघाश्रीचे कान तापले. उठून पळून जावं... पण पळता येत असतं तर ती इथे कशाला आली असती!

“मला वाटलं, तुम्हाला—”

“गाढवाला मराठी कळत नसेल, असंच ना?”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, आणि मग उशीवर डोकं टेकवून धापा टाकत राहिली. “हसवू नका हो. हसायलाही ताकद लागते. माझ्याकडे मोजकीच आहे.”

“मग आजची माझ्यावर खर्च झाली म्हणायची. भाग्य माझं.”

तेवढ्यात गंगव्वा सिस्टर आत आली. “शीळ बंद, गप्पा बंद. सुई हलली तर पुन्हा टोचीन,” ती म्हणाली. मराठीतच! गंगव्वा बेळगावकडची निघाली. मागच्या दोन खेपांना आपण हिच्याबद्दल काय काय बोललो ते आठवून मेघाश्रीने चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मेघाश्री वडिलांच्या, विठ्ठलरावांच्या, भांड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. वरच्या फळीवरचं पातेलं काढायला तिला स्टुलाशिवाय दुसरं काही लागत नसे. मग एक ताप आला. ताप गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. केस विंचरले की हात गळून पडायचे, आंघोळ केली की दुपारपर्यंत निजून राहावं लागायचं, आणि निजून उठलं तरी अंगात काही म्हणून यायचं नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले. रिपोर्ट चांगले म्हणजे मुलगी ढोंगी, असा सोपा निकाल नातेवाइकांनी लावून टाकला. आई इंदिराबाईंचा खरं तर जीव तुटायचा, पण त्याही म्हणायच्या, “स्वल्प मनावर घे गं. उठून फिर.” नवी साडी बरी झालीस की, दुकान बरी झालीस की, लग्नाचं तर नावच नको, तेही बरी झालीस की. तिचं सगळं आयुष्य असं कपाटात ठेवून कुलूप लावलेलं होतं.

डॉक्टर मोहनकुमार हा पहिला माणूस, ज्याने तिचं खरं मानलं. “आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात,” त्यांनी समजावलं होतं. “चूल समजा. तुमच्या चुली मंद झाल्यात, असा माझा अंदाज आहे. अंदाज हं, खात्री नाही. औषध प्रयोगातलं आहे. कोणाला लागू पडेल, कोणाला नाही.” घरचे नको नको म्हणत असताना मेघाश्रीने दंड पुढे केला होता. “द्या. नाहीतरी पडूनच असते.”

तर आता सलाइनचे मंगळवार आणि शुक्रवार गोड झाले. शीळवाल्याचं नाव विलास पारसनीस. वडील विमानाच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, स्वतः कॉम्प्युटर कंपनीत. काविळीनंतर तोही असाच आडवा झाला होता. सलाइन ठिबकत असायचं आणि पडद्यातून बोलणं चालायचं.

“आज कुठे न्यायचं तुम्हाला?”

“लालबागच्या बगिच्यात.”

“चालत?”

“तुम्ही चाला. मी बाकावर बसेन, आणि तुम्ही दमलात की हसेन.”

“हसायला ताकद लागते म्हणे...”

“ती राखून ठेवीन हो. तुमच्यासाठी.”

एकदा गंगव्वाने बाटली बदलताना पडदा पुरता सरकवला, तेव्हा मेघाश्रीने त्याला नीट पाहिलं. आवाजावरून वाटले होते त्यापेक्षा कान बरेच मोठे होते. तिला ते आवडले. तो तिच्याकडे पाहत होता, आणि पडदा पुन्हा ओढला गेला तरी आपल्याकडे पाहणं थांबलं नसावं, असं तिला वाटत राहिलं.

त्या रविवारी आईबरोबर रिक्षातून येताना पाऊस नुकताच थांबला होता. पार्काच्या कोपऱ्यावर रिक्षा अडकली. आत पोरं शटल खेळत होती. एकाने उंच उडी मारून असा काही फटका मारला की बाकीचे ओरडले. मेघाश्रीने पाहिलं. ते कान विसरण्यासारखे नव्हते.

आधी तिला आनंद झाला, अगदी पोटातून. औषध लागू पडलं! मंगळवारी तो आपण होऊन सांगेल म्हणून ती वाट पाहत राहिली.

मंगळवारी पडद्यामागून कण्हण्याचा आवाज आला. “आज काही खरं नाही. जिना चढताना तीनदा बसलो...”

मेघाश्री गार पडली. “पारसनीस, पडदा सरकवा.”

पडदा सरकला.

“रविवारी पार्कात शटल कोण खेळत होतं?”

त्याने नजर चुकवली.

“कधीपासून बरे आहात?”

“महिना... होत आला.” त्याचा चेहरा उतरला. “बरा झालो म्हटलं असतं तर ही खाट सुटली असती. आणि खाट सुटली तर... तुम्ही मला कुठे भेटणार होतात?”

दुसरी एखादी असती तर विरघळली असती. मेघाश्री उसळली. “दोन वर्षं सगळं जग मला ढोंगी म्हणतंय! खरं सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आणि तुम्ही हौसेने ढोंग करता? माझ्याच आजाराचं? माझ्याच शेजारी पडून?”

“तुमच्यासाठीच—”

“माझ्यासाठी म्हणू नका. बाहेर बाकावर एक बाई आपला नंबर लागण्याची वाट बघत बसते, तिच्यासाठी काय? तिची बाटली तुमच्या हाताला लावलीय.”

विलासने हातातल्या सुईकडे पाहिलं. मग हाक मारली, “सिस्टर, काढा ही.” तो उठला आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला. मोहनकुमारांचा चढलेला आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला. थोड्या वेळाने बाकावरची बाई येऊन त्या खाटेवर निजली. मेघाश्री भिंतीकडे तोंड करून रडली. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, हीच तर सगळी पंचाईत होती.

महिन्याअखेरीस डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, “तुम्हाला लागू पडलं नाही. मला वाईट वाटतं. दुसरं एक औषध येईल, त्याला वेळ लागेल. याल?”

“येईन,” ती म्हणाली. “पण तोवर थांबणार नाही.”

घरी येऊन तिने जाहीर केलं की आजपासून रोज दोन तास आपण दुकानात बसणार.

“अगं, आधी बरी तर हो!” इंदिराबाई म्हणाल्या.

“होईन तेव्हा होईन. जगणार मी आजपासून.”

विठ्ठलरावांनी घरची आरामखुर्ची स्वतः उचलून नेली आणि गल्ल्यामागे टाकली. निजून भाव सांगणारी दुकानदारीण बघायला गिऱ्हाइकं माना उंचावत. “काय अक्का, बरं नाही?” असं कोणी विचारलं की ती म्हणे, “नाही बरं. परात घेताय ना?”

मग एका संध्याकाळी पायरीवर ओळखीची सावली पडली.

“एक चमचा द्या,” विलास म्हणाला.

तिने वर न बघता चमचा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा. तिसऱ्या दिवशीही. शेवटी तिला राहवलं नाही. “तुमच्याकडे चहा प्यायला माणसं तरी किती आहेत?”

“तीन. चमचे वाढतायत, माणसं काही वाढत नाहीत.” मग आवाज खाली आला. “चुकलं माझं. तुम्ही ज्याच्याशी रोज भांडता, त्याचाच मी खेळ केला. माफ करा म्हणायला येतो, आणि तोंडातून चमचा निघतो...”

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान फिरवली, तर मागून इंदिराबाई आल्या. “अय्यो, तू मोहनकुमारांकडचा पारसनीस ना? किती ठणठणीत झालास! बघ गं मेघा, त्याने मनावर घेतलं म्हणून उठला.”

मेघाश्रीने डोळे मिटून घेतले. विलासला नुसतं हसून गप्प बसता आलं असतं. होणाऱ्या सासूकडून कौतुक फुकट मिळत होतं.

“नाही काकू,” तो म्हणाला. “मी काहीच मनावर घेतलं नाही, नुसता पडून होतो. औषध मला लागू पडलं, हिला नाही पडलं, एवढाच फरक. ढोंग मी केलं, महिनाभर. हिने एक दिवसही नाही.”

कढई निवडणाऱ्या बाईंचा हात थांबला. इंदिराबाई स्टुलावर बसल्या. “मला असं कोणी सांगितलंच नाही रे...”

“मी सांगत होते, आई,” मेघाश्री म्हणाली.

इंदिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. विलास गल्ल्याशी वाकला. “मी थांबेन, मेघाश्री. तू बरी होईपर्यंत, कितीही—”

“थांबू नकोस!” पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती. “थांबणारी माणसं माझ्या घरात भरपूर आहेत. विलास, मी कदाचित कधीच बरी होणार नाही. अशीच असेन, या खुर्चीत. हे चालणार असेल तर आत्ता विचार. नाहीतर चमचा घे आणि जा.”

“आत्ता? इथे?”

“दुकान आठला बंद होतं.”

“माझ्याशी लग्न करशील?”

“करीन,” ती म्हणाली. “कारण तू मला फार आवडतोस. पण एक सांगून ठेवते. लग्नात मी मंटपभर वाकून पाया पडत फिरणार नाही. तेवढ्यात माझा सगळा आठवडा जाईल. ज्यांना आशीर्वाद द्यायचाय त्यांनी माझ्यापाशी यावं.”

“सरी,” विलास म्हणाला. म्हणजे ठीक आहे; कन्नडमधला तेवढाच शब्द त्याला नीट येत होता.

लग्न झालं ते तसंच. मंगलाष्टकं आटोपली आणि मेघाश्री खुर्चीत बसली ती बसलीच. विलास शेजारी, तिचा हात हातात. पुण्याहून आलेली त्याची मोठी आत्या नऊवारी सावरत समोर येऊन उभी राहिली आणि नवी सून उठून वाकेल म्हणून पाय पुढे करून थांबली. मंटपातली कुजबुज वाढली. मेघाश्रीने हसून हात जोडले, पण ती उठली नाही.

आत्यांनी भुवया चढवल्या. “काय गं, साधा नमस्कारही होत नाही तुझ्याच्याने?”

विलास तोंड उघडणार, एवढ्यात इंदिराबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि लेकीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

“नाही होत,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आजारी आहे माझी मुलगी. आशीर्वाद द्यायचाय ना? मग तुम्ही वाका.”

आत्या वाकल्या.